साउथडेल : करायला गेले गाव, झाला मॉल

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहराला लागून इडायना नावाचं उपनगर आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला डेटन कंपनीने तिथे ४६३ एकर जमीन जमवली. बांधायचं होतं एक खरेदी केंद्र, आणि त्याला पार्किंगसकट ऐंशीएक एकर पुरणार होते. मग उरलेली पावणेचारशेहून जास्त एकर जमीन कशासाठी?

साउथडेलबद्दल जिथे तिथे वाचायला मिळतं ते त्याच्या छताबद्दल. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडलेलं हे केंद्र म्हणजे अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित प्रादेशिक मॉल. पुढे जगभर जे मॉल झाले त्यांचा हा मूळपुरुष. ते खरंच आहे. पण या प्रकरणाचा हिशोब मांडायला बसलं की छत हा त्यातला सोपा भाग निघतो. अवघड भाग त्या उरलेल्या जमिनीचा आहे, आणि साउथडेलचं पुढे जे बरं-वाईट झालं त्याचं मूळ बरंचसं तिथेच सापडतं.

कापडचोपड विकणारे आणि स्वप्न विकणारा

डेटन हे मिनियापोलिसमधलं बडं दुकान. जॉर्ज ड्रेपर डेटन यांनी १९०२ मध्ये निकोलेट अव्हेन्यूवर ते सुरू केलं. पन्नासच्या दशकात धंदा त्यांच्या पाच नातवांच्या हाती होता आणि थोरला, डोनाल्ड, कंपनीचा अध्यक्ष होता. दुकान जोरात चालत होतं, पण गिऱ्हाईक घर बदलत होतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळत होतं, दारात गाडी आली होती आणि शहराबाहेर बंगल्यांच्या वसाहती उठत होत्या. इडायनाची लोकसंख्या १९५० साली दहा हजारांच्या आत होती. १९६० पर्यंत ती अठ्ठावीस हजारांवर गेली, १९७० पर्यंत चव्वेचाळीस हजारांवर. याउलट खुद्द मिनियापोलिस १९५० मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात पोचलं, ते त्याचं शिखर ठरलं. १९८० साली तिथे ३ लाख ७१ हजार माणसं उरली होती. डेटन बंधूंना पुढचे आकडे अर्थातच माहीत नव्हते. पण गल्ल्यावर बसणाऱ्याला वारा कुठे वाहतोय ते कळतंच.

त्यांनी गाठला व्हिक्टर ग्रुएन. जन्म व्हिएन्नाचा, १९०३ चा, ज्यू, दिवसा वास्तुविशारद आणि रात्री राजकीय टवाळीच्या रंगमंचावर नट. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर तो अमेरिकेला पळाला. न्यूयॉर्कमध्ये त्याने छोट्या दुकानांचे दर्शनी भाग सजवून नाव मिळवलं. काचेची मांडणी अशी करायची की रस्त्याने जाणारा माणूस नकळत दोन पावलं आत यावा, ही त्याची हातोटी. पुढे त्याने डेट्रॉइटजवळ हडसन्स या दुकानासाठी नॉर्थलँड हे मोठं उघडं खरेदी केंद्र आखलं. ते १९५४ मध्ये सुरू झालं.

आता गंमत पाहा. ज्या माणसाने उपनगराला मॉल दिला, त्याला अमेरिकन उपनगरांचा मनापासून राग होता. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लागलेली दुकानं, पेट्रोल पंप, दिव्यांच्या पाट्या, आणि पावासाठीसुद्धा गाडी काढणारी माणसं त्याला बघवत नसत. त्याच्या डोक्यात व्हिएन्नाचा मध्यभाग होता. पायी फिरणं, कॉफी पीत बसणं, ओळखीचं कुणी भेटणं. साउथडेलच्या आराखड्यात त्याने दुकानांभोवती घरं, सदनिका, शाळा, दवाखाने, बाग आणि तळंसुद्धा काढलं होतं. दुकानं हे निमित्त, खरी वस्तू गाव. उरलेली जमीन त्यासाठी हवी होती.

डेटन बंधूंनाही ती हवी होती, पण कारण वेगळं. मोठं दुकान उघडलं की आजूबाजूचे जमीनमालक बसल्या जागी श्रीमंत होतात आणि दुसऱ्याने आणलेल्या गिऱ्हाइकावर आपली टपरी चालवतात. भोवतीची जमीन आपणच घेऊन ठेवली तर दोन्ही गोष्टी टळतात: वाढलेला भाव आपल्याच खिशात येतो आणि शेजारी कोण बसणार हेही आपणच ठरवतो. एकाच नकाशाखाली दोघांनी सह्या केल्या, पण दोघांनी तो वेगवेगळा वाचला होता. १७ जून १९५२ रोजी प्रकल्प जाहीर झाला.

छत कशासाठी?

मिनियापोलिसच्या जानेवारीत भरदुपारीही पारा बहुधा शून्याच्या खालीच असतो, आणि उन्हाळा दमट. बाहेर आरामात फिरून खरेदी करता येईल असे दिवस वर्षातून सुमारे १२६ भरतात, असा तेव्हाचा हिशोब होता. म्हणजे दोनतृतीयांश वर्ष धंद्याच्या आड हवामान येणार. ग्रुएनने सुचवलं की अख्ख्या रस्त्यावरच छप्पर घाला. आत बारा महिने ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या २४ अंश सेल्सिअसच्या आसपास.

यातून जे फायदे निघाले ते हवामानापुरते नव्हते. आत थंडी नाही म्हटल्यावर गाळ्याला दारच लागत नाही. दिवसभर समोरची बाजू सताड उघडी आणि रात्री जाळी ओढली की झालं. दार ढकलायचं म्हणजे गिऱ्हाइकाला एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णयच काढून टाकला. मालही रस्त्याच्या कडेपर्यंत मांडता आला.

दुसरी करामत मजल्यांची. त्या काळची खरेदी केंद्रं लांबलचक आणि एकमजली असत, कारण वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही हा दुकानदारांचा जुना अनुभव. एक मजली ठेवावं तर चालून पाय दुखतात, दोन मजली करावं तर वरचे गाळे ओस पडतात. ग्रुएनने पार्किंगच्या जमिनीलाच उतार दिला. काही गाड्या वरच्या मजल्याच्या पातळीवर लागत, काही खालच्या. त्यामुळे दोन्ही मजले तळमजलेच झाले आणि कुठल्याही गाळेधारकाला ‘माझं दुकान वर पडलं’ अशी तक्रार करता येईना. मधल्या मोकळ्या जागेत सरकते जिने ठेवले, आणि वर उभं राहिलं की खालची दुकानं दिसत, खालून वरची. ठाण्यात किंवा पुण्यात कुठल्याही मॉलमध्ये कठड्याला रेलून खाली बघणारी माणसं दिसतात ना, त्या कठड्याचा जन्म इथला.

शत्रूला घरात घेणं

मला स्वतःला या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय छताचा वाटत नाही, डोनाल्डसन्सचा वाटतो. डोनाल्डसन्स हे डेटनचं शहरातलं कट्टर स्पर्धक दुकान. तेही उपनगरात जागा शोधत होतं. डेटनने त्यालाच आपल्या केंद्रात जागा दिली. एका टोकाला स्वतःचं दुकान, दुसरीकडे स्पर्धकाचं, आणि मध्ये बाकीचे गाळे; एकूण दुकानं ७२.

वरवर हा आत्मघात वाटतो. पण डेटन इथे नुसता दुकानदार नव्हता, जागामालकही होता, आणि जागामालकाचं गणित वेगळं चालतं. मोठी दुकानं, ज्यांना या धंद्यात अँकर म्हणतात, ती जाहिरात करून माणसं खेचून आणतात, म्हणून त्यांना भाडं किरकोळ लावायचं. खरी कमाई मधल्या छोट्या गाळ्यांची. त्यांना चौरस फुटामागे चढं भाडं, वर विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेली की तिच्यातही टक्का. पादत्राणं, दागिने, खेळणी, मिठाई विकणारा हे भाडं का देतो? तर दोन बड्या दुकानांमध्ये ये-जा करणारं गिऱ्हाईक त्याच्या पुढ्यातून जातं म्हणून. एकच अँकर असेल तर माणूस येतो, खरेदी करतो आणि तिथूनच गाडीत बसतो. दोन असले की त्याला दर बघायला चालावं लागतं. त्या चालण्याचं भाडं डेटन वसूल करत होता. ही रचना पुढे इतकी रुळली की आज ती कुणाची तरी कल्पना होती हेच विसरायला होतं.

पहिला दिवस

सुमारे दोन कोटी डॉलर खर्च, आठ लाख चौरस फूट बांधकाम, ५,२०० गाड्यांची सोय. पहिल्या दिवशी ७५ हजार माणसं आली. त्यांनी दुकानं पाहिलीच, पण लोक उभे राहिले ते मधल्या बागेत. वरून दिवसाचा उजेड, खाली खरी झाडं, पक्ष्यांचा २१ फुटी पिंजरा, कॉफीची टेबलं, आणि शिल्पकार हॅरी बर्टोयाची धातूची उंच सोनेरी झाडं. ती आजही तिथे उभी आहेत. किराण्याचं दुकान होतं, टपाल कार्यालय होतं. पुढे मिनियापोलिसच्या सिंफनी वाद्यवृंदासाठीचा वार्षिक नृत्यसोहळा याच बागेत होऊ लागला. पन्नासच्या दशकातल्या गावगाड्यात यापेक्षा वरची मान्यता नव्हती.

सगळेच भारावले होते असं मात्र नाही. महिनाभरात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट तिथे आला आणि त्याने फटकळपणे सांगून टाकलं की या बागेत खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दुर्गुण आहेत, गोडवा मात्र औषधालाही नाही. राइट कुणाचंच कौतुक करत नसे, हे धरूनही टीका नेमकी जागी लागली होती. रस्त्यासारखं दिसणारं काहीतरी बांधलं होतं, पण रस्त्याच्या दोन्ही टोकांना गाव नव्हतं. पार्किंग होतं.

मग गाव कुठे गेलं?

साउथडेल चाललं, आणि नको इतकं चाललं, हीच अडचण झाली. भोवतीच्या जमिनीचा भाव चढला. आता त्या जमिनीवर तळं आणि शाळा काढणं म्हणजे नोटांवर झाडं लावणं. डेटनने तुकडे विकायला काढले. प्रत्येक तुकड्याला जो सगळ्यात जास्त देईल त्याला तो मिळाला, आणि तशी बोली कार्यालयं, दुकानं आणि रस्त्याकडेचे धंदे लावतात. दवाखान्याचा भाग तेवढा खरा झाला: फेअरव्ह्यू साउथडेल रुग्णालय १९६५ मध्ये शेजारी उभं राहिलं. बाकी प्रत्येक इमारत आपापल्या पार्किंगच्या मैदानात वेगळी बसली. एकीतून दुसरीत जायचं तर गाडी काढा. ग्रुएन ज्या चित्रावर चिडत होता तेच चित्र त्याच्याच इमारतीच्या चारी बाजूंना तयार झालं.

यात डेटन बंधूंना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ते धंदा करत होते आणि तसं लपवतही नव्हते. दोष आराखड्यातच होता. गावाचा जो भाग नफा देतो तो आधी बांधायचा आणि जो देत नाही तो नंतर, नफ्यातून, मर्जीने. ‘नंतर’ला बांधून घेणारी अटच कुठे नव्हती. घरं किती, शाळा कोणत्या साली, मोकळी जागा कुणाच्या नावावर, हे करारात न बसवता फक्त चित्रात दाखवलं की काय होतं ते आपल्याकडच्या टाउनशिपचं रंगीत माहितीपत्रक जपून ठेवलेल्या कुणालाही विचारा.

चौक, पण कुणाचा?

आणखी एक बाजू आहे आणि ती मॉलच्या गौरवकथांमध्ये हमखास गाळली जाते. हा ‘नवा गावचौक’ ज्या इडायनात झाला, तिथल्या कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट या नामांकित वसाहतीच्या खरेदीखतांमध्ये १९२४ पासून अट होती की घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही आणि राहायला द्यायचं नाही. अशा अटी न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण वस्ती कुणाची हे तोवर ठरून गेलं होतं. मॉलच्या दारावर कुणालाच अडवलं जात नव्हतं. तशी गरजच नव्हती. गाडी नसलेला माणूस तिथवर पोचायचा कसा?

शिवाय चौक खासगी. १९७२ मध्ये ओरेगॉनमधल्या एका मॉलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला आपल्या आवारात पत्रकं वाटायला मनाई करता येते असं ठरवलं. खुद्द मिनेसोटाच्या न्यायालयाने १९९९ मध्ये मॉल ऑफ अमेरिकाबद्दल तसाच निकाल दिला. तिथे प्राण्यांच्या कातड्याच्या कपड्यांविरुद्ध काही जण निदर्शनं करत होते. म्हणजे बसा, खा, खरेदी करा. मत मांडायचं असेल तर बाहेर. मुंबईत १९९९ मध्ये ताडदेवला क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा असा नियम होता. त्यावर तेव्हा बरीच चीड व्यक्त झाली. पण तो नियम म्हणजे या इमारतीच्या मूळ स्वभावाचीच उघड कबुली होती.

नकलांचं पीक

साउथडेलच्या नकला इतक्या झपाट्याने का झाल्या, याचं श्रेय ग्रुएनपेक्षा हिशेबनिसांना द्यायला हवं. १९५४ च्या अमेरिकी करकायद्याने नव्या बांधकामावर पहिल्या काही वर्षांत जास्त घसारा, म्हणजे इमारत जुनी होते म्हणून वहीत धरायचा खर्च, दाखवायची मुभा दिली. इमारत भाडं कमावते आहे, पण वहीत तोटा दिसतो, आणि तो तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो. घसारा संपत आला की विका आणि दुसरी बांधा. सवलत नव्या बांधकामाला सर्वांत जास्त फायदेशीर, म्हणजे शहरातली जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा उपनगरातल्या मोकळ्या रानात नवी उठवणं फायद्याचं. त्यात १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांना पैसा मिळाला. साउथडेलचा निर्णय या दोन्हींच्या आधीचा होता, त्यामुळे ते सवलतीचं अपत्य नाही. त्याच्या मागून आलेली शेकडो पिल्लं मात्र आहेत.

डेटनने स्वतःच मिनियापोलिसभोवती आणखी तीन काढले: ब्रुकडेल १९६२ मध्ये, रोझडेल १९६९ मध्ये, रिजडेल १९७४ मध्ये. शहराचा मध्यभाग वाचवण्याची धडपडही सोबतच सुरू झाली. १९६२ मध्ये इमारतींना जोडणारा पहिला बंदिस्त पूल आला आणि १९६७ मध्ये निकोलेट अव्हेन्यू पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधून निकोलेट मॉल झाला. शहराने जगण्यासाठी मॉलचीच वेषभूषा केली, असं म्हणावं लागेल.

याच १९६२ च्या मे महिन्यात डेटनने रोझव्हिलमध्ये एक स्वस्त दरांचं दुकान उघडलं. नाव टार्गेट. बाग नाही, शिल्प नाही, शेजारी स्पर्धक नाही. गाडी लावा, ढकलगाडी घ्या, सामान भरा. पुढे कंपनीचं सगळं भवितव्य त्यावरच उभं राहिलं. १९७८ मध्ये तिने आपली खरेदी केंद्रं इक्विटेबल या विमा कंपनीला विकून टाकली. २००१ मध्ये डेटन हे नावही दुकानांवरून उतरलं, आणि २००६ पासून साउथडेलच्या त्या अँकरवर मेसीजची पाटी आहे.

ग्रुएन साठच्या दशकाच्या शेवटी व्हिएन्नाला परतला. तिथे त्याने जुन्या शहरात गाड्या बंद करून रस्ते पादचाऱ्यांना देण्याचा आग्रह धरला. आणि १९७६ मध्ये त्याच व्हिएन्नाच्या दक्षिणेला, पार्किंगच्या समुद्रात, शॉपिंग सिटी स्यूड हा प्रचंड मॉल उघडला. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने आपलं पितृत्व झटकलं. या अनौरस पोरांची पोटगी मी भरणार नाही, अशा भाषेत. १९८० मध्ये तो गेला.

उतरण, आणि वेगळ्या वाटेने वर

मधली वर्षं इतर मॉलसारखीच: आणखी एक अँकर, नव्या फरशा, नव्या पाट्या. ऑगस्ट १९९२ मध्ये जवळच्याच ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका उघडला, त्याच्या पोटात तर जत्रेतले पाळणेच. साउथडेल त्याने मेलं नाही, कारण भोवतीची वस्ती पैसेवाली राहिली. धाकट्या ब्रुकडेलला ते भाग्य नव्हतं. ते २०१० मध्ये बंद पडलं आणि बहुतेक पाडलं गेलं. वास्तुरचना दोघांची एकाच घराण्यातली. फरक भोवतालच्या खिशांचा होता.

२००७ पासून साउथडेल सायमन या बड्या मॉल कंपनीकडे आहे. तिने दुकानांपेक्षा पार्किंगकडे जास्त लक्ष दिलं, आणि तेच शहाणपणाचं ठरलं. वर्षातून काही आठवडे सोडले तर अर्धी मैदानं रिकामी असतात. त्यांच्या एका कोपऱ्यावर २०१४ मध्ये वन साउथडेल प्लेस या भाड्याच्या सदनिका झाल्या. नंतर हॉटेल आलं. जेसी पेनी हे मोठं दुकान बंद झाल्यावर त्याच्या जागी २०१९ च्या अखेरीस लाइफ टाइम ही भलीमोठी व्यायामशाळा आली, गच्चीवर पोहण्याच्या तलावासह.

भाड्याच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. कपड्यांच्या अँकरकडे माणूस महिन्यातून एखाद्या वेळी जातो, व्यायामशाळेत आठवड्यातून तीन-चारदा. पण तो घामेजलेला, पाकीट गाडीत ठेवून आलेला असतो. मधल्या गाळ्यातल्या दागिनेवाल्याच्या पुढ्यातून तो जातो, थांबत नाही. म्हणून अँकरने माणूस आणायचा आणि छोट्यांनी भाडं भरायचं हे जुनं सूत्र इथे तसंच्या तसं चालत नाही. आता भाडं घरांमधून, हॉटेलातून, व्यायामशाळेतून वेगवेगळं येतं, आणि मॉल हा त्यातला एक हिस्सा.

घरं, दवाखाना, व्यायाम, मुक्काम, दुकानं. ग्रुएनच्या आराखड्यातलं बरंच काही साठ वर्षांनी जागेवर आलं आहे, पण आराखड्यामुळे नाही. दुकानं गेली आणि जागा रिकामी झाली म्हणून. शाळा आणि तळं अजून नाहीत. नव्या सदनिकांची भाडी पन्नासच्या दशकातल्या त्या मध्यमवर्गीय कुटुंबांना कधीच परवडली नसती. आणि डेटनने त्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी विकलेली जमीन आता पुष्कळ मालकांकडे आहे, त्यामुळे दोन इमारतींमध्ये साधी पायवाट काढायची तरी नगरपालिकेला एकेका मालकाशी वाटाघाटी करत बसावं लागतं.